नकाशातली मोकळी जागा

१४ ऑगस्ट १९७१

व्हॉल्व्ह ठरला. साखर कारखान्याच्या डिस्टिलरीचं सांडपाणी टाकीत शुद्ध होऊन ओढ्यात जातं, त्या शेवटच्या पाइपावर बसेल. हवेच्या दाबाने उघडा राहतो. वीज गेली की शुद्धीकरण थांबतं, पण दाबही पडतो आणि स्प्रिंग त्याला बंद करते. कोणाचा हात लागत नाही. ओढ्याकाठी खाली गाव आहे, ते पाणी पितं. टाकी भरलीच तर पूर्वेच्या सांडव्यावरून बाहेर. नकाशात तिथे ‘मोकळी जागा’. जाऊनही पाहिलं. गुडघाभर गवत.

आबासाहेबांनी — चीफ इंजिनिअर — सही केली. माझ्या कामावर पहिल्यांदाच एकही प्रश्न नाही!

२९ ऑक्टोबर

व्हॉल्व्ह बसला. सहा वेळा दाब काढला, सहाही वेळा बंद. सात सेकंद.

८ नोव्हेंबर

गळीत सुरू. सांडव्याखाली ऊसतोडणीवाल्यांच्या पाचटाच्या झोपड्या, कोप्या. मोजल्या — चौतीस. माझा नकाशा पावसाळ्यातला. पावसाळ्यात ही माणसं जामखेडकडे आपापल्या गावी असतात.

फिटर पुंजारामला विचारलं. दरवर्षी इथेच उतरतात म्हणाला, पंधरा सालं झाली. मग मला बोलला का नाहीस?

“तुमी इचारलं कुठं, बाई? तुमी नकाशा बघत हुता.”

तो हसला. मला हसता आलं नाही.

सांडवा पश्चिमेला फिरवायचा तर आठ दिवसांचं गवंडीकाम. पण आधी आबासाहेबांना सांगावं लागेल — चुकलं. म्हणतील, पहिली मुलगी इंजिनिअर घेतली आणि तिने हंगामातली जमीनच पाहिली नाही! उद्या सांगते.

९ नोव्हेंबर

नाही सांगितलं.

११ नोव्हेंबर

आबासाहेब पाहुण्यांना व्हॉल्व्ह दाखवत होते. “आमच्या बाईंची निवड.” मी शेजारी उभी होते. आजही नाही.

१३ नोव्हेंबर

दुपारी टाकीकडची वीज गेली. पन्नास मिनिटं. व्हॉल्व्ह बंद झाला, डिस्टिलरी वाफेवर चालूच राहिली. काळं, गरम, घाण पाणी सांडव्यावरून सरळ कोप्यांत. घोट्याच्या वर.

माणसं फडात होती. चांगुणा नावाची बाई बाळंतीण म्हणून मागे राहिलेली. तान्हं झोळीत टांगलेलं, म्हणून वाचलं. खाली निजवलं असतं तर —

ती बाजरीचं भिजलेलं पोतं ओढत होती. मीही एक टोक धरलं.

“कोनी सोडलं वो बाई हे पानी?”

“वीज गेली होती,” मी म्हणाले.

एक शब्दही खोटा नाही. मान मात्र वर करवली नाही.

१५ नोव्हेंबर

चूक कबूल करायला केबिनमध्ये गेले. मी तोंड उघडायच्या आत आबासाहेबच म्हणाले, “ओढ्यात थेंब गेला नाही. गावाने बोंब मारली असती. कोप्यांतले काय, चार महिन्यांनी जातील. पाणी कोप्यांवर जाणार हे धरूनच तुम्ही आखलंत — मी ऑगस्टमध्येच ओळखलं.”

मी ‘हो’ म्हणून मान हलवली.