नवीन मेंबरांनी आधी डावा पाय टाकावा

शुक्रवार, १ ऑक्टोबर १९९९. अल मजाज, दुपार

आजपासून रोजनिशी. ही कुणी वाचायची नाही. भावोजींनी तर नाहीच.

जेवताना भावोजी सुरू झाले. नागेश, तू आयटीआय अर्धं सोडलंस. एसीचं काम अर्धं सोडलंस. अबुधाबीची नोकरी तिसऱ्या महिन्यात सोडलीस. आता ऊद मेथाच्या कॉलेजात संध्याकाळचा कॉम्प्युटर डिप्लोमा. तोही सोडशील. ताई म्हणाली, अहो, जेवू द्या त्याला. भावोजी म्हणाले, जेवण त्याने कधी अर्धं सोडलेलं नाही.

राग आला. दोन पोळ्या कमी खाणार होतो, पण कोलंबी होती.

शेवटी ठरलं ते असं. कॉलेजच्या बँडमध्ये मी नाव दिलंय. तिथे दोन डिसेंबरच्या नॅशनल डे परेडपर्यंत टिकलो, तर जानेवारीत माझ्या व्हिसासाठी भावोजी त्यांच्या ऑफिसात शब्द टाकणार. नाही टिकलो तर मुंबईचं तिकीट, वन वे. मी म्हटलं, टिकायचं काय घेऊन बसलात, बँड लीडर होऊन दाखवतो. शुभ्रा म्हणाली, मामा, यू डोन्ट इव्हन हॅव अ ड्रम. नऊ वर्षांची पोर. मामाशी असं बोलतात?

संकल्प: उद्यापासून पहाटे पाचला उठून लगूनच्या कडेने मार्चिंगची प्रॅक्टिस.

शनिवार, २ ऑक्टोबर

सव्वाआठ. एसी फार थंड ठेवतात या घरात.

शुक्रवार, ८ ऑक्टोबर. संध्याकाळ

पहिली प्रॅक्टिस. बँडमास्तर हमदुल्ला सर, हैदराबादचे, पोलीस बँडमधून रिटायर. मिशा कडक, बूट त्याहून कडक. मला विचारलं, मियाँ, क्या बजाते? मी सांगितलं, गावी शिमग्यात पालखीपुढे ढोल. सात वर्षं. सरांचे डोळेच चमकले. मोठ्या ड्रमवाला नोकरी बदलून मस्कतला गेलाय, ड्रम रिकामा होता. दिला माझ्या गळ्यात. एका दिवसात मोठा ड्रम! भावोजींना तोंडावर सांगितलं. म्हणाले, बरं.

पण तिथे एक ममता आहे. पुण्याची, वडील बँकेत, छोट्या ड्रमांची प्रमुख. मी चाललो तर म्हणते, नागेश, डावा पाय. ड्रमचा ठोका पडेल तेव्हा डावा. मी म्हटलं, ड्रम मी वाजवतोय, मग ज्या पायावर मी वाजवीन तो डावा. म्हणाली, असं नसतं. सगळ्यांसमोर. तीस जणांसमोर!

ड्रमच्या मागे माझे पाय मलाच दिसत नाहीत. मग कुठला पडतोय हे तिला कसं दिसतं? तिने स्वतःच्या पायांकडे बघावं.

मंगळवार, १२ ऑक्टोबर

दिवसभर रास अल खोरला टायरच्या गोडाऊनमध्ये, रोजंदारीवर. ट्रकच्या टायरवर काठीने सराव केला. आवाज उत्तम. सुपरवायझर म्हणाला, टायर फाटला तर तुझ्या पाठीवर वाजवीन. कलेची कदर नाही.

पाचला प्रॅक्टिसला निघालो होतो. वाटेत खाडीच्या टोकाला फ्लेमिंगो उतरले होते. जरा बघू म्हटलं. मग मोजायला लागलो. एकशे चाळीसपर्यंत मोजले आणि सगळे उडाले, पुन्हा मोजावे लागले. सगळे एका पायावर उभे. त्यांना कोणी विचारत नाही, डावा की उजवा.

पोचलो तेव्हा ड्रम पेटीत जात होते. सरांना खरं ते सांगितलं. म्हणाले, मियाँ, परिंदे गिनने का बँड अलग है.

यात हसण्यासारखं काय होतं? सगळे हसले.

शुक्रवार, २२ ऑक्टोबर

मोठी बातमी. सरांनी प्रॅक्टिस थांबवून मला पुढे बोलावलं. म्हणाले, जानेवारीत नवीन पोरं येतील, त्यांच्यासाठी एक कागद पाहिजे, काय करायचं अन् काय नाही. नागेश मियाँ, वह तुम लिखो. तुमसे बेहतर कोई नहीं लिख सकता. ममता दुसरीकडे तोंड करून खोकत होती. जळते.

दोन आठवड्यांत ही जबाबदारी. ताईने फोनवर आईला कळवलं.

कच्चा मसुदा:

नवीन मेंबरांनी बूट आदल्या दिवशी घालून बघावेत. मी आज नवेकोरे बूट घालून ग्राउंडला अकरा फेऱ्या मारल्या. टाचा सोलल्या. बूट बनवणारे हरामखोर आहेत, हे लिहावं की नाही ते ठरवायचंय.

प्रॅक्टिसच्या आधी छोले-भटुरे खाऊ नयेत. ड्रम बरोबर पोटावर येतो.

टोपीचा पट्टा हनुवटीखाली घ्यावा. वरच्या वर ठेवला तर 'दाहिने देख'ला मान फिरवताना टोपी पुढच्या मुलीच्या ट्रंपेटवर पडते. मुलगी ओरडते. चूक टोपीची असते पण ऐकून घ्यावं लागतं.

वाटेत पक्षी मोजू नयेत.

शुक्रवार, ५ नोव्हेंबर

डोकं फिरलंय. पेन दाबून लिहितोय, म्हणून अक्षर असं.

आज पूर्ण धून पहिल्यांदा वाजवली. सुरुवात ठीक. मग रंग चढला, मी लय चढवली. ढोल म्हणजे चढलाच पाहिजे ना? आमच्याकडे पालखी देवळातून निघते तेव्हा लय ठाय असते, संथ, आणि सहाणेवर, पालखी बसते त्या चौथऱ्यावर, पोचते तेव्हा नाचवणाऱ्यांच्या अंगात वारं असतं. ते काय आपोआप होतं? ढोलवाला करतो. ज्याला चढवता येत नाही त्याच्या हातातून आमच्याकडे काठी काढून घेतात.

सर मैदानाच्या त्या टोकाहून धावत आले. म्हणाले, आहिस्ता! हे लग्न नाही, कुणाची बकरी पळाली नाही, क्या जल्दी है? एका मिनिटात एकशे वीस पावलं. पहिल्या मिनिटाला एकशे वीस, शेवटच्या मिनिटाला एकशे वीस. ममताने पर्समधून टिकटिक करणारं यंत्र काढलं आणि माझ्या कानाशी धरलं. कानाशी! म्हणाली, तू वाढवलंस की सगळा बँड वाढतो. ट्रंपेटवाल्यांना श्वास घ्यायला जागा राहत नाही. तुझ्या ठोक्यावर तीस माणसं चालतात, नागेश.

तेच तर म्हणतोय मी. तीस माणसं माझ्या ठोक्यावर चालतात. मग यंत्र कशाला?

खलास. राजीनामा देणार. व्हिसा गेला खड्ड्यात.

रात्रीचं जेवण झाल्यावर. राजीनामा संध्याकाळीच लिहून नेला होता. सर नमाजाला गेले होते. ते येईपर्यंत समोरच्या दुकानात शावरमा खाल्ला. कागदावर लसणाची चटणी सांडली. असा कागद सरांच्या हातात देणं बरं दिसत नाही. परत आलो.

शुक्रवार, १९ नोव्हेंबर

युनिफॉर्म मिळाला. पांढरी पँट, लाल कोट, सोनेरी दोऱ्या. घरात घालून दाखवला. ताईच्या डोळ्यांत पाणी. शुभ्रा म्हणाली, यू लुक लाइक द होटेल डोअरमन. भावोजी पेपरमागे हलत होते, हसत असणार.

कागद पूर्ण. अकरा सूचना. सगळ्या अनुभवाच्या. सरांनी वाचला, पाठ थोपटली, म्हणाले, एक रह गई. मी म्हटलं, कुठली? म्हणाले, दोन डिसेंबरनंतर सुचेल.

माझ्यानंतर अकरा दिवसांनी एक बासरीवाली आली होती, अनुपमा. तिला आज खडसावलं, रांगेत पाणी पिऊ नये, सीनियर बघतात. म्हणाली, कोण सीनियर? हल्लीच्या लोकांना शिस्त नाही.

मंगळवार, ३० नोव्हेंबर

शेवटची प्रॅक्टिस. पूर्ण वेळ एकशे वीस. मेल्यासारखं वाजवलं. सर म्हणाले, शाबाश, बस ऐसे ही. ममतासुद्धा म्हणाली, छान झालं रे. तेव्हाच कळलं, आज काहीच झालं नाही. पण तिने 'रे' म्हटलं.

संकल्प: परवा एकशे वीस. काहीही झालं तरी एकशे वीस. व्हिसा. एकशे वीस.

गुरुवार, २ डिसेंबर. संध्याकाळ

जिंकलो!!

ग्राउंड फुल. झेंडे, फुगे, पाहुणे सोफ्यावर. फाटकातून आत शिरलो तेव्हा अगदी एकशे वीस. मग लोकांनी टाळ्या धरल्या. ठोक्यावर टाळ्या! माझ्या ठोक्यावर! मागच्या बाजूला साइटवरून आलेली आपली पोरं उभी होती, हेल्मेट हातात घेऊन, त्यातल्या एकाने अशी शिट्टी मारली की मला वाटलं सहाण आली. एखादा ठोका इकडेतिकडे झाला असेल. पण रंग काय भरला! पुढच्या झेंडेवाल्या मुली तर आनंदाने उड्या मारत चालल्या होत्या. सर कडेने माझ्याबरोबर चालत होते, दोन्ही हात खाली-खाली करत, खूप खूश दिसत होते.

नंतर कुणी माझ्याशी बोललं नाही. थकले असतील. भावोजींनी नवीन हँडीकॅमवर सगळं घेतलंय. उद्या बघायचं.

टिकलो. दोन डिसेंबरपर्यंत टिकलो. कोण म्हणतं नागेश अर्ध्यावर सोडतो?

शुक्रवार, ३ डिसेंबर

टेप बघितली.

झेंडेवाल्या मुली उड्या मारत नव्हत्या. पळत होत्या. मागचे ट्रंपेटवाले अंगावर येऊ नयेत म्हणून पळत होत्या. ट्रंपेटवाले छोट्या ड्रमवाल्यांपासून पळत होते. आणि सगळ्यांच्या मागे मोठा ड्रम बडवत लाल कोटात एक माणूस, टोपी कानावर, गुडघे वर, जसं काही त्याच्या मागे देव लागलाय. अनुपमाच्या एका हातात बासरी, दुसऱ्या हाताने ती स्वतःची टोपी सांभाळतेय. सर खूश नव्हते. ते 'आहिस्ता' म्हणत पळत होते, त्यांच्या वयाला शोभत नाही असं.

पाहुणे सलामी घ्यायला उठले, कोटाचं बटण लावलं, वर बघितलं. ग्राउंड रिकामं. बँड पलीकडच्या फाटकातून बाहेर. धून मात्र अजून चालू, भिंतीच्या त्या बाजूला.

टेपमध्ये शुभ्राचा आवाज येतो. बाबा, व्हाय इज मामा रनिंग? मग कॅमेरा हलायला लागतो. भावोजी हसताहेत.

भावोजींनी दोनदा मागे घेऊन दाखवलं. तिसऱ्यांदा ताईने टीव्ही बंद केला. मी म्हटलं, टिकलो ना? ते म्हणाले, टिकलास. तुझ्यापुढे दुसरं कोणी टिकलं नाही.

सगळी चूक टाळ्या वाजवणाऱ्यांची. आणि त्या शिट्टीवाल्याची. त्याला शोधून काढणार.

शनिवार, ४ डिसेंबर

शोधला नाही. शिट्टी चांगली मारली होती त्याने.

शुक्रवार, १४ जानेवारी २०००. संध्याकाळ

भावोजींनी ऑफिसात शब्द टाकलाय. पण म्हणाले, फाइलला कॉलेजचं पत्र लागेल की तू अजून बँडमध्ये आहेस. सरांकडे गेलो. राजीनामा खिशात होता, चटणीवालाच. वाटलं होतं ते काढून टाकतील, त्याआधी आपणच द्यावा. सर म्हणाले, पत्र देतो. शुक्रवारी चारला ये. ड्रम नक्को.

आज गेलो. नवीन मेंबरांचा पहिला दिवस. सोळा जण. मला त्यांच्या रांगेत उभं केलं, एका टोकाला. मोठा ड्रम ममताच्या गळ्यात. चांगलं वाजवते. एकशे वीस.

सरांनी कागद वाटला. माझाच, झेरॉक्स केलेला. खाली पेनने बारावी सूचना, सरांच्या अक्षरात: टाळ्या ऐकू आल्या तर ऐकू नये. मग मोठ्याने म्हणाले, हे बारा के बारा एका माणसाने स्वतः करून बघितलंय, तुमच्यासाठी. नाव नाही सांगितलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी पण वाजवल्या. नाहीतर कळलं असतं.

मग कदमताल. हात रिकामे, फक्त पाय. पहिल्यांदाच माझे पाय मला नीट दिसले. डावा उशिरा पडतो. ऑक्टोबरपासून पडत असणार.

शेजारच्या नवीन मुलीने कागदाची घडी घालत विचारलं, तुम्ही पण आजच जॉइन झालात?

मी हो म्हटलं.