जुन्या भोकांतले टाके

दि. ४ मार्च

चि. बारकीस,
दादाचे पोटभर आशीर्वाद.

मेहुणेबुवांचा खोकला कमी आहे का? औषध पितात, की तुझी पाठ वळली की कुंडीत ओततात? थोरल्या भाचीचे दिवस भरत आले असतील, तिला जिना चढू देऊ नकोस. धाकट्याची दाढ काढली की अजून डॉक्टरला घाबरून गाल धरून बसलाय? आणि तुझे गुडघे? एकेकाचं नीट लिही. ‘आम्ही सर्व मजेत’ एवढ्यावर माझी बोळवण करू नकोस.

इकडे तुझ्या वहिनीची कंबर हवा पाहून दुखते आणि जीभ माझं तोंड पाहून चालते, म्हणजे प्रकृती उत्तम. दुकानात काम भरपूर. भिंतीवर खिळा मोकळा नाही, सगळीकडे लगाम आणि रिकिबीचे पट्टे लोंबताहेत. परवा एका शेतकऱ्यानं असं खोगीर आणलं की आत उंदरांनी संसार थाटलेला. उंदरांना नोटीस देऊन मग भरण बदललं.

एक वाईट बातमी आहे. गिरणीवाल्याची लेक तू पाहिली आहेस, तांबड्या घोडीवरून वस्तीवस्तीला पीठ पोचवते ती. पुलाच्या उतारावर पडली. गळ्याखालचं हाड मोडलं, डोक्यालाही मार लागला. गिरणीवाला म्हणतो, घोडी उधळली. पोरगी म्हणते, घोडी सरळ चालली होती, खोगीरच एकदम फिरलं. पण डोक्याला मार लागलेल्या माणसाचं कोण ऐकतो. त्यानं ठरवलंय, वीस तारखेला जनावरांचा दलाल येतो, त्याच्या गाडीत घोडी चढवायची. चौदा वर्षांची घोडी पाळायला कोणी घेत नाही. दलालाकडून ती कुठे जाणार हे सगळ्यांना ठाऊक आहे.

घोडीच्या पोटाखालून खोगीर आवळायचा तंग तुटलाय, तो त्यानं माझ्याकडे आणून टाकलाय. उसळीच तशी जबर मारली असणार, असं तो म्हणाला. मीही म्हणालो, असेल. जनावरच ते.

बाकी ठीक. लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
दादा

*

दि. ९ मार्च

ती. दादास,
बारकीचा वाकून नमस्कार, वि. वि.

पत्र पावलं. एकेकाचं लिहिते. औषध कुंडीतच जात होतं, झाड वाळलं तेव्हा चोरी उघडी पडली. आता मी समोर उभी राहून पाजते. तुझी भाची बरी आहे, पुढच्या महिन्याची तारीख दिली आहे. धाकट्याची दाढ निघाली, ती त्यानं डबीत जपून ठेवली आहे, येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतो. माझ्या गुडघ्यांचं विचारू नकोस, त्यांच्याशी माझी बोलचाल बंद आहे.

आता तुझं. दादा, तुझ्या ओळी एकमेकींच्या अंगावर चढल्यात. एका ठिकाणी तर लिहिलेल्यावरच लिहिलंयस. यांनी पत्र उजेडाला धरलं तेव्हा कुठे आम्हाला उंदरांपर्यंत पोचता आलं. तुझं अक्षर म्हणजे तुझा टाका, सुतात असायचं. डोळ्यांचं काय चाललंय?

आणि दुसरं. लगामाची एक कडी वाकली तरी तू मला दोन पानं लिहितोस. कुठून वाकली, का वाकली, लोहारानं काय हलगर्जी केली. यावेळी पोटाखालचा अख्खा तंग तुटला, माणूस पडलं, आणि तो कुठून तुटला याबद्दल एक अक्षर नाही. शेवटचा कोणी शिवला होता तो?

रागावू नकोस. पण उत्तर दे.

तुझी,
बारकी

*

दि. १३ मार्च

चि. बारकीस,
आशीर्वाद.

लहानपणी तू माझी आरी लपवून बसायचीस आणि मी तुला हुडकून काढायचो. आता तू मला हुडकलंस.

मीच शिवला होता. जानेवारीत. बकलाजवळचा दोरा कुजला होता आणि तिथलं चामडं जुन्या भोकांनी चाळणी झालं होतं. तेवढा भाग कापून टाकायचा, नवा तुकडा जोडायचा आणि कोऱ्या चामड्यात नवी भोकं पाडायची, हे तुलाही माहीत आहे. बाबांनी मला दुसरं काही शिकवलं नसेल, हे शिकवलं. मी तुकडा कापलाही होता. पण बारके, डावा डोळा गेलं वर्षभर दुधातून पाहिल्यासारखं पाहतो आणि उजवा दुपारी दमतो. रद्दी चामड्यावर दोनदा भोकं पाडून पाहिली. रांग दारुड्यासारखी चालली.

मग बोटानं जुनी भोकं चाचपली. ती एकामागून एक अशी लागत गेली की बघायची गरजच नाही. दोन्ही सुया भराभर आरपार. वर मेण घासलं, पॉलिश मारलं. बाहेरून नव्याला लाजवेल असा तंग झाला. आणि खरं सांगतो, त्या दिवशी मी खूश होतो. म्हटलं, डोळे गेले तरी हात आहेत.

तो बरोबर त्याच भोकांच्या रांगेत फाटलाय. पुस्तकातून पावती फाडावी तसा, सरळ. घोडीनं उसळी मारली असती तर चामडं ताणलं असतं, धसकटं निघाली असती. एकही नाही. गिरणीवाल्याला यातलं कळत नाही. मला बोट लावताच कळलं, आणि त्याच क्षणी मी ‘असेल’ म्हणालो.

तीनदा सांगायला गेलो. तिन्ही वेळा दारात पाय अडला, काय हवं म्हणून त्यानं विचारलं, आणि मी पीठ मागितलं. घरात आता इतकं पीठ झालंय की तुझी वहिनी विचारते, गावजेवण घालायचंय का. शेवटच्या खेपेला पोरगी ओसरीत बसली होती, हात गळ्यात बांधलेला. माझी पिशवी तिनं चांगल्या हातानं उचलून दिली. घोडी खुंट्याला बांधलेली. तिनं मान वळवून माझ्या खांद्याला नाक लावलं. माझ्या अंगाला चामड्याचं तेल लागलेलं असतं, तो वास तिला ओळखीचा.

सांगितलं तर उद्यापासून माझ्या खिळ्यावर कोण पट्टा टांगेल? चाळीस वर्षांत हे एकच मला येतं. वहिनीला डोळ्यांचं ठाऊक नाही. हे पत्र फाडून टाक.

तुझा,
दादा

*

दि. १७ मार्च

ती. दादास,
नमस्कार.

पत्र फाडलं नाही आणि फाडणारही नाही. आज खुशाली नाही, सगळे उभे आहेत एवढं पुरे.

मी बारा वर्षांची असताना बाबा बाहेरगावी गेले होते. मी तुझ्या नकळत एक पट्टा शिवला, जुन्या भोकांतच. सोपं जात होतं म्हणून. तू हात फिरवलास आणि मला सगळे टाके उसवायला बसवलंस. बावीस होते. मी रडत मोजले. मी म्हणाले, कोणाला कळतंय? तू म्हणालास की जो यावर बसेल त्याला कळेल, पण तेव्हा उशीर झालेला असेल. त्या दिवशी तुझा फार राग आला होता. आज तेच तुला परत पाठवते आहे.

वीस तारखेच्या आत जा. पीठ मागू नकोस. तंग हातात घेऊन जा, म्हणजे तोंडानं दगा दिला तरी तो बोलेल. आणि वहिनीला आधी सांग. चाळीस वर्षं तुझ्याबरोबर काढलेल्या बाईला ठाऊक नाही असं तुलाच वाटतंय.

तुझी,
बारकी

*

दि. २८ मार्च

चि. बारकीस,
दादाचे आशीर्वाद.

तुझं पत्र नेमकं वीस तारखेला सकाळी आलं. उभ्यानंच वाचलं आणि तसाच स्वयंपाकघरात गेलो. वहिनी म्हणाली, वर्षभर मिठाची आणि साखरेची बरणी मी जागची हलवली नाही, ती काय उगाच? तुम्ही कधी सांगता याची वाट बघत होते. मग तिनं चपला पायात घातल्या आणि माझ्याआधी रस्त्याला लागली.

गिरणीपाशी दलालाची गाडी लागली होती. घोडीचे पुढचे दोन पाय फळीवर. मी तंग गिरणीवाल्याच्या हातात ठेवला आणि सगळ्यांसमोर सांगितलं की घोडी उधळली नाही, टाका माझा होता. भोकांच्या रांगेवरून त्याचं बोट फिरवलं. त्यानं आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. त्यानं एवढंच विचारलं की त्या दिवशी दुकानात हे का बोलला नाहीत. त्यानं स्वतः घोडी उतरवली. पोरगी खिडकीत होती. ती माझ्याकडे बघत नव्हती, बापाकडे बघत होती. मी सांगत होते ना, एवढंच म्हणाली. तिचा हात आता खांद्याच्या वर जाणार नाही, असं डॉक्टर म्हणतात. संध्याकाळी गिरणीवाला येऊन त्याचं बाकीचं सामान खिळ्यावरून काढून घेऊन गेला.

घोडी वाचली म्हणून तू मला शाबासकी लिहिशील. लिहू नकोस. सोळा दिवस ती फळीकडे चालली होती आणि मी पीठ विकत घेत होतो.

दुसऱ्या दिवसापासून वहिनीचा हात धरून दारोदार हिंडतोय. वर्षभरात शिवलेलं एकेक परत मागतोय. एकानं मला वेड्यात काढलं, की चांगला पट्टा कशाला उसवता. अकरा नग जमलेत. त्यातले सहा जुन्या भोकांतले निघाले. सहा, बारके. उसवायला डोळे लागत नाहीत, रोज बसून उसवतोय. टाके मोजायचे सोडून दिलेत.

पण उसवलेलं शिवणार कोण? इथे एक जुनी गोष्ट सांगायची राहिली आहे. बाबांनी मला बाकावर बसवलं आणि तुझ्या हातात केरसुणी दिली. तुझा टाका माझ्याहून बारीक यायचा. त्यांना दिसत नव्हतं, मला दिसत होतं. पोरीला यातलं काय जमणार, असं ते म्हणाले, तेव्हाही मी मान खाली घालून ‘असेल’ म्हणालो होतो.

भाचीचं सुखरूप झालं की पंधरा दिवस ये. खिडकीकडची बाजू रिकामी केली आहे, गुडघ्यांसाठी वहिनीनं उंच स्टूल काढलंय. तू लपवायचीस ती आरी धार लावून ठेवली आहे. मेहुणेबुवांनाही आण, इथे कुंड्या नाहीत.

येणार की नाही ते लवकर लिही. आणि मोठ्या अक्षरात लिही, मला स्वतः वाचायचंय.

तुझा,
दादा