उशाला खुरपं

आई,

तुला वाचता येत नव्हतं आणि मला धड लिहिता येत नाही, म्हणजे दोघींची फिट्टंफाट. चौथीपर्यंत जेवढं डोक्यात शिरलं तेवढ्यात बसवतेय. तू जाऊन वीस-बावीस वर्षं झाली. इतक्या दिवसांत तुला काही सांगावंसं वाटलं नाही आणि आज वाटलं ते भांडायला. तुझ्यामुळे माझी नात माझ्याजवळ यायची बंद झाली होती. तुझ्यामुळे म्हणजे माझ्याच तोंडामुळे, पण ते तोंड शिकलं कुणाकडून?

नीट पहिल्यापासून सांगते, नाहीतर तू म्हणशील, "दम खा की गं, कुणी मागं लागलंय का?" आम्ही नाशकात आता चौथ्या मजल्यावर राहतो. मुलगा ओझरकडे कामाला जातो, सून इथंच ऑफिसात. दोघं सकाळी जातात ते दिवेलागणीला येतात. नात पाच वर्षांची आहे. शाळा दुपारी सुटते, तिथून पुढं ती माझी. खाणं, झोपवणं, केस विंचरणं, भांडणं, सगळं माझ्याकडे. तिला वेगळी खोली आहे, खोलीत पलंग आहे. आपल्या बाजेसारखा नाही. त्याच्या खाली मोकळी जागाच नाही, सगळी पेटी. गादी सरकवायची, जाड फळी उचलायची, आत रजया आणि जुने कपडे. तर एक दिवस मी भाकरी थापतेय आणि आतून धाडकन आवाज. तशीच पिठाच्या हातानं धावले. बाईसाहेबांनी एकटीनं फळी उचलली होती आणि ती हातातून सुटली होती. बोटं वाचली, पण कशी वाचली ते देवाला ठाऊक. आणि भीती वाटली की मला राग येतो, हे तुझंच आहे माझ्यात. मी म्हणाले, "परत फळीला हात लावून बघ! आत बागुलबुवा राहतो. बोट दिसलं की धरून आत ओढतो."

झालं. फळीला तिनं परत हात लावला नाही, पण पलंगावर पायही ठेवला नाही. रात्री आईबापाच्या मध्ये जाऊन झोपायला लागली, अंथरूण ओलं करायला लागली. ते सोडलेलं होतं तिनं दोन वर्षांपूर्वी. मुलानं विचारलं तर म्हणाली, "आजीनं सांगितलं." मग मला वाटलं, निदान दुपारी तरी माझ्या खोलीत, माझ्या गादीवर झोपेल, खाली जमिनीवर तर असते माझी गादी. तिथंही नाही. मी म्हटलं, "अगं, इथं कुठं आहे तो?" तर मला म्हणते, "तुला माहीत असतं ना तो कुठं आहे ते. तू त्याच्या ओळखीची आहेस." दुपारभर हॉलमध्ये भिंतीला टेकून बसायची, बसल्या बसल्या डुलक्या घ्यायची, आणि मी जवळ गेले की डोळे टक्क उघडे.

त्यात मी आणखी एक शहाणपणा केला. तिच्याकडे एक कापडाचा ससा आहे. एक कान चघळून चघळून दोरीसारखा झालेला, पोटावर वरणाचे डाग. झोपताना तो लागतोच. मी म्हटलं पोर घाबरलीय, निदान तिचं खेळणं तरी स्वच्छ असावं. घातला मशीनमध्ये, चांगली दोन वेळा साबण टाकून. उन्हात वाळवून तिच्या हातात दिला, वाटलं खूश होईल. तिनं नाकाशी धरला आणि तिचा चेहरा जो पडला! म्हणाली, "आता हा कामाचा नाही. याचा वास गेला." त्या सशाकडे पहाऱ्याचं काम होतं, आई, आणि मी पहारेकऱ्यालाच धुऊन काढलं. आठ दिवस असं चाललं तेव्हा मुलगा जेवताना माझ्याकडे न बघता म्हणाला, "आई, तिला पाळणाघरात ठेवायचं का काही दिवस? इथं जवळच आहे एक." सून म्हणाली, "बघू ना, लगेच कशाला," पण तिच्या ताटातली पोळी तशीच होती. मी उठून भांडी घासायला घेतली. पाळणाघरात गेली की ती परत कशाला येतेय माझ्याकडे? मग दिवसभर मी आणि तो फ्रिज.

तेव्हा तू आठवलीस. आपल्या कळवणकडच्या त्या एका खोलीच्या घरात बाज एकच होती आणि बाजेखाली अंधार. माझी गोटी घरंगळत गेली म्हणून मी खाली शिरले, आणि तू माझा पाय धरून मला अशी ओढून काढलीस की कोपर सोलवटलं. वर एक थोबाडीत. माझ्यापेक्षा जास्त तूच थरथरत होतीस, ते मला दिसलं, पण तेव्हा वाटलं रागानं थरथरतेय. त्याच दिवशी तू सांगितलंस, "बाजेखाली बागुलबुवा हाय. लय वंगाळ हाय तो. परत गेलीस तर मी नाय काढणार." मग मी झोपेना. आणि झोपेना तर दुसऱ्या दिवशी तू कामावर जाणार कशी? म्हणून तू तुझं निंदणीचं खुरपं आणलंस. बाळंतिणीच्या उशाला ठेवतात ना लोखंड, तसं. आपल्या जुन्या लुगड्याचा तुकडा फाडून पात्याला चार वेढे दिलेस, गाठ मारलीस आणि माझ्या उशाला ठेवलंस. "लोखंडाला भितो तो. आता बघ, हिकडं फिरकणार नाय." आणि नाहीच फिरकला. मला अजून त्या गाठोड्याचा वास येतो, माती, घाम आणि कांद्याची पात.

बाजेखाली काय होतं ते मला लग्न होऊन दोन लेकरं झाल्यावर कळलं. माहेरी आले होते, तुम्ही घर शाकारायला सगळं सामान अंगणात काढलं होतं, आणि त्यात गंजलेला पत्र्याचा डबा. फवारणीचं औषध. वडलांना ते ठेवायला दुसरी जागा नव्हती. मी तुला म्हटलं, "म्हणजे बागुलबुवा बिगुलबुवा काही नव्हता?" तू पदरानं तोंड पुसत म्हणालीस, "हा काय, हाच तो. दुसरा कुठून आणू?" आणि मडकी धुवायला बसलीस. कबुली म्हणून एवढीच. मी रात्र रात्र जागले त्याचं काही नाही.

पण ते खुरपं एकच होतं गं घरात, हे मला कुठं कळत होतं. ते तुझं पोटाचं हत्यार होतं. रोज पहाटे तू माझ्या मुठीतून ते सोडवून घ्यायचीस, फडकं मात्र माझ्याजवळ ठेवायचीस. एकदा मला ताप होता. तू बोटं एकेक करून उघडायला लागलीस तशी मी भोकाड पसरलं. मग "ऱ्हाऊ दे" म्हणालीस आणि रिकाम्या हातानं गेलीस. संध्याकाळी आलीस तेव्हा बोटांच्या पेरांना चिरा पडलेल्या, नखांत माती आणि रक्त. दिवसभर हरळीचं गवत हातानं उपटलं होतंस. मुकादमीण टोळीपुढं म्हणत होती म्हणे, "काय गं, खुरपं सासरी धाडलं का नांदायला?" हे तू हसत हसत सांगितलंस. मग मला म्हणालीस, "भाजीत मीठ तू टाक. माझ्या हाताला झोंबतंय." मला केवढा आनंद झाला होता, आईनं मोठ्या माणसाचं काम सांगितलं म्हणून. आज लिहिताना माझी मलाच लाज वाटते.

तर ते आठवून मी उठले आणि नातीसाठी लोखंड शोधायला लागले. आता फ्लॅटमध्ये कुठलं आलंय खुरपं? सांडशी सापडली. पुसून, रुमालात गुंडाळून तिला दिली. तिनं उलटीपालटी करून बघितली. "आजी, ही स्टीलची आहे. तो स्टीलला भितो का?" तेवढ्यात सून आली. ती काही वाईट नाही, पण तिचंही बरोबर होतं. "अहो आई, झोपेत डोळ्यात गेली म्हणजे?" सांडशी परत ओट्यावर गेली. आणि आई, मला तुझ्यासारखं जमत नाही, मला थांबायला होत नाही. एका लबाडीवर दुसरी लबाडी बसवायची, ती वर्षानुवर्षं सांभाळायची, एवढा धीर माझ्यात नाही. मी सकाळी शाळेची तयारी करताना तिच्या वेणीला रिबीन बांधता बांधता बोलून टाकलं, "हे बघ, पलंगात कुणी नाही. मीच ठेवला होता त्याला तिथं. तुझी बोटं चेंगरू नयेत म्हणून. आजी खोटं बोलली."

मला वाटलं रडेल, नाहीतर चिडेल. ती वळली, कमरेवर हात ठेवले आणि म्हणाली, "तू ठेवलास ना? मग तूच काढ."

मी म्हटलं, "अगं, नाहीच आहे तर काढू काय?" "आत्ताच म्हणालीस ठेवला म्हणून." खरंच होतं ते. मी कांद्याची लाल गोणी काढली. "ही नको, जाळीतून तो बाहेर येईल." मग तांदळाची आणली. फळी उचलली, माझ्या गुडघ्यांनी शिव्या दिल्या, आणि डोकं आत घालून ओरडले, "चल रे ए, निघ! पुष्कळ दिवस फुकट राहिलास!" तर दारातून ही सांगते, "आजी, ओरडू नको ना त्याला. झोपला असेल." मग हळू आवाजात काढला. काखेत हात घालून, पाय आधी, डोकं मागून. गोणीचं तोंड सुतळीनं आवळलं. तिनं स्वतः गाठ ओढून बघितली. खाली कचऱ्याची घंटागाडी गाणं वाजवत उभी होती. आम्ही दोघी लिफ्टनं खाली, गोणी आमच्या मध्ये, आणि तिनं माझा हात धरलेला. नऊ दिवसांनी धरला होता. गाडीवाल्यानं फुगलेली गोणी बघितली आणि विचारलं, "मावशी, ओला का सुका?"

"सुका," मी म्हटलं. "लय जुना आहे."

त्यानं उचलली, ती हलकी लागली तसा तो माझ्याकडे बघायला लागला. नात त्याला म्हणाली, "काका, त्याला चिरडू नका हं. डेपोवर सोडा." तो माणूस मोठा शहाणा. गोणी पुढं आपल्या सीटशेजारी ठेवली आणि म्हणाला, "माझ्याशेजारी बसवतो. मग झालं?" गाडी वळेपर्यंत ती बघत होती. मग शाळेची रिक्षा आली आणि ती मागं न बघता चढली.

त्या दुपारी ती स्वतःच्या पलंगावर झोपली. सशाला थोडा थोडा वास यायला लागलाय, असं म्हणाली. अंथरूण कोरडं. पाळणाघराचं नाव मुलानं परत काढलं नाही. रोज झोपते आता, एकटी, हातपाय पसरून, दार लोटून घेते. मी बाहेर बसून तांदूळ निवडते, आवाज करत नाही.

हे कागद मी कुणाला दाखवणार नाही. लिहून झाले की नातीच्या जुन्या वह्यांबरोबर रद्दीत जातील. म्हणून एक गोष्ट लिहिते, जी मी तिलाही सांगितली नाही. फळीचं कारण खरंच होतं, बोटांची भीती खरीच होती. पण तो शब्द तोंडातून निघाला तेव्हा मनात हेही होतं की आता ही भिईल आणि माझ्या कुशीत येऊन झोपेल. तेव्हा ती माझी कूस सोडून नुकतीच एकटी झोपायला शिकली होती.