मॅडमनं परत केलेली मरळ

प्रिय माय,

उद्या माझी मुलाखत आहे. भंडाऱ्यातलं तेच सरकारी कार्यालय, तीच तांत्रिक सहायकाची जागा. फक्त या वेळी तू सोबत नाहीस. फाइल लावून झाली, बाबा जाळं घेऊन तलावावर गेलेत, घरात कुणी नाही. आणि मला एक गोष्ट विचारायची आहे, जी तुझ्याशिवाय कुणाला विचारता येत नाही. म्हणून लिहायला बसले. तू असतीस तर म्हणाली असतीस, "लिवतं कायले, तोंडानं सांग ना!" पण तोंडानं सांगू कुणाला?

गोष्ट अशी. पवनीचा मामा सकाळी येऊन गेला. चहा पिऊन झाल्यावर त्यानं आवाज खाली केला. त्याची एका पुढाऱ्याशी ओळख आहे म्हणे. "भाची, फक्त एक फोन लावाचा हाये. मी संध्याकाळी इचारतो, हो म्हन. मंग तुही नोकरी पक्की." वाईट माणूस नाही वो तो. तुझा धाकटा भाऊ आहे, तुझ्या माघारी माझी काळजी करतो, एवढंच. आणि त्याचं चूक तरी काय? कॉम्प्युटर दुरुस्तीच्या ज्या दुकानात मी काम करत होते ते मालकानं बंद केलं. पुढची जाहिरात निघेल तेव्हा मी वयात बसणार नाही. उद्या हुकलं तर सरकारी नोकरीचा विषय कायमचा संपला.

दिवसभर माझ्या तोंडावर "हो" येऊन बसलाय. खोटं कशाला सांगू?

तू काय म्हणाली असतीस, ते आठवायला बसले तर भलतंच आठवत राहिलं. नवऱ्याचं घर सोडून मी कारध्याला तुझ्याकडे आले तो दिवस आठवला. हातात एक पिशवी होती. तू दारात बसून मासोळी साफ करत होतीस. वर बघितलंस, पिशवीकडे बघितलंस आणि म्हणालीस, "हात धू, जेव." गल्लीतल्या बाया विचारायला आल्या तेव्हा तू त्यांना म्हणालीस, "म्या नाही इचारलं, तुमाले काहून पाह्यजे?" माय, आजपर्यंत तू मला खरंच विचारलं नाहीस! कधीकधी वाटायचं, विचार ना गं, एकदा तरी. मी सांगितलं असतं.

मग तूच मला आयटीआयला घातलंस. वर्गात माझ्या अर्ध्या वयाची पोरं. मी म्हटलं, लोक हसतील. तू म्हणालीस, "हसू दे. हसनाऱ्याचे दात दिसते, आपलं काय जाते?" आणि पहिल्याच दिवशी माझ्या हातात पळसाच्या पानांत बांधलेली मासोळी दिलीस, सरांसाठी. आपल्या ढिवराच्या घरची ती रीतच. ज्याच्या दारी पहिल्यांदा जायचं, त्याच्या दारी रिकाम्या हातानं जायचं नाही. डॉक्टर असो, मास्तर असो, नवी सोयरीक असो. तलावानं दिलेलं थोडं पुढे द्यायचं. आता सर निघाले माळकरी! त्यांनी पुडी उघडली आणि दोन पावलं मागे सरकले. घरी येऊन सांगितलं तेव्हा तू पोट धरून हसलीस. दुसऱ्या दिवशी त्यांच्यासाठी शिंगाडे उकडून पाठवलेस. सरांनी ते सगळ्या वर्गाला वाटले आणि त्या दिवसापासून वर्गात माझी ओळख झाली.

मी काय शिकते आहे, हे तुला सांगताना माझी त्रेधा उडायची. हार्डवेअर, नेटवर्क, प्रिंटर. तू सगळं ऐकून घेतलंस आणि एकच प्रश्न विचारलास. "म्हंजे लोक रागात असतीन तवाच तुले बोलावतीन?" मी चाट पडले. खरंच की! कॉम्प्युटर नीट चालत असताना कुणी आमची आठवण काढत नाही. "मंग तुहं माह्यासारखंच झालं," तू म्हणालीस. "मासोळी चांगली निंगाली तं गिऱ्हाईक गुपचूप खाते. खराब निंगाली तं बाजारभर बोंबलते. तू पह्यले मान्साचं आयकून घे, मंग मशीन पाह्य." दुकानात मी हेच करायचे. समोरचा ओरडून मोकळा होईपर्यंत वायरला हात लावायचे नाही. निम्म्या वेळा ओरडता ओरडता तोच सांगून जायचा, की काल पोछा मारताना बाईनं प्लग काढला होता.

आणि मग ती मागची मुलाखत!

मी तुला येऊ नको म्हटलं होतं. तू म्हणालीस, बसस्टँडपर्यंतच येते. बसस्टँडवर म्हणालीस, गेटपर्यंत. गेटपाशी पोचलो तर आत जाणारी पहिली तूच. हातात ती निळी वायरची पिशवी होती. मला वाटलं डबा आहे. विचारलं असतं तर तू सांगितलं नसतंस, मला माहीत आहे. पण माय, एवढं तरी बघायचं होतंस की पिशवीतली मरळ मेलेली आहे की नाही!

मरळ पाण्याबाहेर किती वेळ तग धरते, हे आपल्याला नवीन आहे का? आम्ही उमेदवार बाकड्यांवर रांगेनं बसलेलो, पोरी मनात उत्तरं घोकत असलेल्या, आणि तुझ्या पिशवीनं उडी मारली. पिशवी बाकड्यावरून खाली, मरळ पानांतून बाहेर, आणि फरशीवर ती जी सळसळत निघाली! एक मुलगी पाय वर घेऊन बाकड्यावर उभी राहिली. शिपाईभाऊ "साप, साप" करत मागे पळाले. तू मात्र शांतपणे उठलीस, वाकलीस आणि गल्लीतलं खोडकर पोर पकडावं तशी तिला पकडलीस.

गलका ऐकून आतून मॅडम बाहेर आल्या. मुलाखत घेणाऱ्या मोठ्या मॅडम त्याच.

"हे काय आहे? कुणाचं आहे?"

"मरळ हाये, मॅडम. माही हाये," तू म्हणालीस. "तुमच्यासाठी आनली."

तुझ्या डोक्याच्या बरोब्बर वर पाटी होती, लाच देणे व घेणे हा गुन्हा आहे. वाटलं, संपलं. माझं नाव आता आत पुकारलंच जाणार नाही.

"बाई, यानं तुमच्या मुलीचा अर्ज बाद होऊ शकतो. कळतंय का तुम्हाला?"

तू घाबरली नाहीस. आवाजही चढवला नाहीस. एका हातात वळवळणारी मरळ, दुसऱ्या हातानं पदर सावरत म्हणालीस, "काम मांगाले आनली असती तं लपवून आनली असती, मॅडम. एवढ्या लोकाइसमोर कोनी लाच देते का? पोट्टी पह्यल्यांदा तुमच्या दारी आली, म्हून आनली. नोकरी देनं न देनं तुमचं काम हाये."

मॅडमनं तुझ्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. त्यांच्या ओठांचा कोपरा जरासा हलला, मी शपथेवर सांगते. पण त्या म्हणाल्या, "मला घेता येणार नाही. ही घेऊन तुम्ही गेटच्या बाहेर जा."

"बराबर हाये तुमचं," तू म्हणालीस. "नियम हाये तं हाये."

आणि गेलीस. ना मान खाली, ना तोंड वाकडं. माझ्यापाशी थांबून एवढंच म्हणालीस, "पानी पी आनि मंग आत जा."

मी पाणी प्याले आणि आत गेले. त्यांनी एक प्रिंटर मुद्दाम बिघडवून ठेवला होता, तो मी चालू करून दाखवला. चार प्रश्न आले, एक आला नाही, येत नाही म्हणून सांगितलं. बाहेर येऊन बघते तर तू गेटसमोर उन्हात बसलेली, आणि मरळ गायब! एका ऑटोवाल्याला विकून मोकळी झाली होतीस. वर त्याला कशी शिजवायची तेही सांगत होतीस.

मी चिडले होते गं. रस्त्यात उभं राहून तुझ्यावर ओरडले. माझं ओरडून झाल्यावर तू मला तर्री-पोहे खाऊ घातलेस. आणि खाता खाता असं काही बोललीस की माझा राग कुठल्या कुठे गेला.

"मॅडम चांगली हाये. मासोळी चांगली होती तरी घेतली नाही. अशाच हापिसात नोकरी कर."

दुसऱ्या कुणाची आई असती तर तिला अपमान वाटला असता. घरभर मॅडमला शिव्या घातल्या असत्या. तुला त्या बाईचा आदर वाटला! माय, तुझं मन किती मोठं होतं हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. मी तुला बघत राहिले आणि तू माझ्या ताटलीत आणखी तर्री ओतलीस.

निकाल लागला. माझं नाव प्रतीक्षा यादीत आलं. मी तोंड पाडून बसले, तर तू बाजारात सांगत सुटलीस, "पोट्टी वेटिंगवर हाये. नाव तं लागलं ना!" गळ टाकून बसणाऱ्या माणसांना वाट बघण्याचं काय एवढं? यादीची मुदत संपली, माझा नंबर लागला नाही, तरी तू धीर सोडला नाहीस. आणि मग त्या थंडीत एका सकाळी बाजारात तुझ्या छातीत कळ आली. टोपलीतली अर्धी मासोळी विकायची राहिली होती. दवाखान्यात नेईपर्यंत तू होतीस, बोलत होतीस, शेजारच्या बाईला टोपली सांभाळायला सांगत होतीस. मग नव्हतीस. अशी कशी गं गेलीस? मला वाट बघायला शिकवून स्वतः एवढी घाई?

थांब, मामाचा फोन वाजतो आहे.

माय, झालं बोलणं. सांगते.

मामा म्हणाला, "मंग? लावू का फोन?" मी म्हटलं, "मामा, ज्या ऑफिसनं माझ्या मायची मासोळी परत केली, तिथं मी असा फोन लावून कशी जाऊ?" मला वाटलं रागावेल. म्हणेल, आजकाल कोण असं वागतं, माझ्या ओळखीची तुला किंमत नाही. पण तो म्हणाला, "तुही मायबी असीच होती. माह्या घरकुलाच्या वेळी म्या फोन लावाले घेतला तं तिनं हातातून फोन हिसकला. वर्षभर बोलली नाही माह्याशी." हे तू मला कधी सांगितलं नाहीस! मग मामानं नाक ओढलं आणि म्हणाला, "बरं. मी संग येतो उद्या. गेटबाहेर बसीन. कोनाले फोन नाही लावीन." मी नको म्हटलं नाही. बाहेर आपलं कुणी बसलेलं असलं की आत बोलायला बरं पडतं.

उद्या काय होईल मला माहीत नाही. त्याच मॅडम असतील की दुसरं कुणी, तेही माहीत नाही. पण सकाळपासून तोंडावर बसलेला तो "हो" उडून गेला, आणि आता मला भूकसुद्धा लागली आहे.

तुला एक वचन देते. ती खुर्ची मला मिळाली आणि एखादी बाई घरची रीत म्हणून माझ्यासाठी काही घेऊन आली, तर मीही ते परत करीन. मॅडमनं केलं तसंच. पण तिला गेटच्या बाहेर उन्हात पाठवणार नाही, माय. आधी तिला पंख्याखाली बसवीन, माझ्या हातानं पाणी देईन आणि तिची पोरगी कुठल्या खोलीत गेली आहे, हे तिला स्वतः दाखवीन.

तुझी पोट्टी,
सुनंदा