पक्क्या रंगाचा सदरा

धाकटे,

थोरलीचे आशीर्वाद घे, ते नेहमीचेच आहेत. तू बरी आहेस असं धरून चालते. गुडघे कसे आहेत? माझे होते तिथेच आहेत, फक्त आता जिना चढताना दोघं एकदम बोलतात. डोळ्यांत ते थेंब घालतेस का? घालत नसशीलच. पाकिटातून जे काही बाहेर पडलं असेल ते बाजूला ठेव आणि आधी पत्र वाच. पहिल्यापासून वाच. (तुला शेवट आधी बघायची खोड आहे, ती मला ठाऊक आहे.)

मागच्या पत्रात तू लिहिलंस की आता दुकान बंद कर, लेक परगावी गेल्यापासून त्याची मागची खोली रिकामीच आहे, इकडे ये, दोघी म्हाताऱ्या एका घरात राहू. त्याचं उत्तर नाही असं आहे. मला गर्दी सोसत नाही, आणि तू एकटी असलीस तरी गर्दीच असतेस. हा विषय संपला.

आता परदेशाचं सांगते. तुला वाटलं असेल थोरलीचं डोकं फिरलं, म्हातारपणी खेळ बघायला विमानात बसली. मी काही हौसेने गेले नाही. आमच्या बोळातल्या लाँड्रीवाल्याची मुलगी, बारकी, तुला आठवत असेल. तिचं पहिलं झबलं मी शिवलं. ती आता देशातर्फे चालते. हो, चालते. पळत नाही. अशी एक शर्यत असते म्हणे, त्यात लोक जीव खाऊन चालतात, पण पळायची मनाई. दोन्ही पाय एकदम जमिनीवरून सुटले की पंच तांबडं कार्ड दाखवतो. मी बारकीला म्हटलं, घाई असेल तर पळावं, नसेल तर घरी बसावं, हे मधलं काय? ती हसते नुसती. तर शेजारपाजारच्या देशांचे मिळून खेळ होते आणि त्यात ही चालणार होती. आमच्या क्रीडा मंडळाचा अध्यक्ष म्हणजे कोपऱ्यावरचा औषधवाला, पण गळ्यात कायम शिट्टी, म्हणून आम्ही त्याला शिट्टीवालाच म्हणतो. त्याने ठरवलं की मंडळाने जाऊन मुलीला जोर द्यायचा, सगळ्यांनी एका रंगाचे सदरे घालायचे आणि ते मी शिवायचे. ऐन वेळी एकाचं जायचं रद्द झालं, तर शिलाईच्या बदल्यात ती जागा माझ्या गळ्यात आली.

सदऱ्यांचं ऐक, कारण सगळं तिथेच बिघडलं. आपल्या खेळाडूंचा रंग पोपटी. शिट्टीवाल्याने पोपटी कापडाचा तुकडा आणून दिला. मी तो रीतीप्रमाणे तांब्यात भिजत घातला, तर सकाळी पाणी पोपटी आणि तुकडा आजारी माणसासारखा. कच्चा रंग. असल्या कापडाला मी आजवर कात्री लावलेली नाही. दुकानदाराकडे जाऊन मी त्याच पोताचं गर्द हिरवं घेतलं, पक्क्या रंगाचं, उकळत्या पाण्याला दाद न देणारं. हिरवा तो हिरवा. शिट्टीवाला जरा कुरकुरला, पण मी म्हटलं, परदेशात घाम आला आणि सगळ्यांच्या माना पोपटी झाल्या तर औषध तुझ्या दुकानातलं लावायचं का?

विमानतळावर त्या चौकटीतून मी गेले की ती किंचाळायची. तिथल्या बाईने माझ्या गळपट्टीतून टाचण्या काढल्या, मग बाहीतली सुई काढली, मग पुन्हा गळपट्टीतून टाचण्या काढल्या. ती दमली. गळ्यातला टेप मात्र राहू दिला. (टेप घालूनच निघाले होते. तो गळ्यात नसला की मला कुणीतरी हाक मारून थांबल्यासारखं वाटतं.) तिकडच्या हॉटेलात खोल्या दोघादोघांना होत्या. मंडळी सगळी जोडीजोडीने आलेली, नवरा-बायको, व्याही-व्याही, मी तेवढी उरले. म्हणून दोन पलंगांची खोली मला एकटीला. शिट्टीवाला म्हणाला, मजा आहे तुमची. न्याहारीला सगळी टेबलं भरलेली असायची. मी आपली खुर्ची खिडकीकडे वळवून बसायचे, म्हणजे जागा आपणच निवडली असं वाटतं.

शर्यतीच्या दिवशी मैदानाच्या फाटकाशी गेलो, तर समोरून गर्द हिरव्या सदऱ्यांचा लोंढा. मला आधी वाटलं, बघा, माझी निवड लोकांना पटली. मग शिट्टीवाल्याच्या तोंडाकडे बघितलं. ज्या देशाची पोरगी बारकीच्या अगदी तोडीची, त्या देशाचा रंग हाच. आपला पोपटी बाजूलाच, दुसऱ्या फाटकावर. शिट्टीवाल्याने तिथल्या तिथे हुकूम सोडला की सगळ्यांनी सदरे उलटे करून घाला, आतली बाजू फिकट आहे, लांबून पोपटी वाटेल. आणि घातले की लोकांनी, भिंतीआड जाऊन. मी घातला नाही. उलटा सदरा मी दुसऱ्याला घालू देत नाही, मी कशी घालीन? शिट्टीवाला हात जोडत होता. मी म्हटलं, तुम्ही जा, मी आहे अशी येते. आहे अशी पुढे गेले, तर फाटकावरच्या पोऱ्याने सदऱ्याचा रंग बघितला आणि मला त्या लोंढ्यात ढकललं. शिवाय गळ्यात टेप बघून तो मला मोजमाप करणारी पंच समजला असावा, कारण त्याने वाकून मला पार पहिल्या रांगेत नेऊन बसवलं. आपली मंडळी समोरच्या बाजूला, वाटाण्याएवढी दिसत होती.

माझ्या शेजारी दोन म्हाताऱ्या होत्या, गर्द हिरव्यातल्या. बहिणी. ते काही कुणी सांगितलं नाही, भांडणावरून कळलं. भाषेतला एक शब्द समजत नव्हता, पण भांडण सगळं समजत होतं. थोरली म्हणत होती टोपी घाल, धाकटी म्हणत होती नको. थोरलीने घातली, धाकटीने काढली, थोरलीने पुन्हा दाबून बसवली. मग थर्मासचं झाकण कुणी हरवलं यावर झालं. मग झाकण थोरलीच्याच पिशवीत सापडलं, तर त्यावरून आणखी झालं. मध्येच थोरलीने माझ्याकडे बघितलं, माझी बाही उलटून टीप बघितली, मान डोलावली आणि स्वतःच्या बुडाखालची उशी काढून मला दिली. मी घेतली. फुकटची उशी कोण सोडतं?

शर्यत सुरू झाली. मैदानाभोवतीच्या रस्त्यावर फेऱ्या. सगळ्या पोरी कमरेत मोडल्यासारख्या चालत होत्या. दर फेरीला बारकी आमच्या पुढून जायची आणि तिला चिकटून ती दुसरी, गर्द हिरव्यांची. आता मी त्या पोरीची मापं लहानपणापासून घेते. तिचा डावा खांदा किंचित वर आहे, दमली की आणखी वर जातो, आणि खांदा वर गेला की पाऊल आखूड पडतं. मला राहवेना. ती समोर आली की मी उठून ओरडायचे, "डावा खांदा! बारके, डावा खांदा!" त्या दोघींना वाटलं मी त्यांच्या पोरीला जोर देतेय. पुढच्या फेरीला त्याही उठल्या आणि माझ्याबरोबर ओरडल्या, डावा खांदा. मग मागची रांग. मग त्याच्या मागची. शेवटच्या फेरीला, धाकटे, ती सगळी परकी बाजू हात उंचावून डावा खांदा, डावा खांदा करत होती आणि एकालाही माहीत नव्हतं आपण काय बोलतोय. समोरून शिट्टी ऐकू येत होती, बारीकशी.

बारकीने खांदा खाली घेतला. मी बघितलं. पण ती दुसरी निघून गेली पुढे. तिचा नंबर तिसरा, बारकीचा चौथा. चौथ्याला काही देत नाहीत.

आणि मग सगळे माझ्या गळ्यात पडले. कुणी हात हलवतंय, कुणी पाठ थोपटतंय, मागच्या एकाने मला जवळजवळ उचललं. इतक्या माणसांनी मला एकदम धरल्याला किती वर्षं झाली असतील कोण जाणे. आणि त्या सगळ्यांत मी एकटीच अशी, जिचं काही जिंकलेलं नव्हतं. बारकी रस्त्याकडेला बूट काढून बसली होती. मी सगळ्यांना बाजूला सारून कठड्याशी गेले. तिने वर बघितलं.

"आजी, तुम्ही त्यांच्या सदऱ्यात काय करताय?"

"रंग पक्का आहे. खांदा खाली होता ना?"

"होता."

"मग झालं. बूट घाल, दगड टोचतील."

हसली. मग रडली. मी वरून हात घातला, पण तिच्या डोक्यापर्यंत पोचेना. मागे वळले तर थोरली अजून टाळ्या वाजवत होती. धाकटीने माझ्याकडे बघितलं, खाली बारकीकडे बघितलं, आणि थोरलीच्या हातावर फटका मारला. मी उशी परत करायला गेले तर थोरलीने घेतली नाही. धाकटीने थर्मासमधला चहा झाकणात ओतला आणि कठड्यावरून बारकीला दिला. मग झाकण परत आलं ते कुणी पुसायचं यावर दोघींचं पुन्हा लागलं.

संध्याकाळी हॉटेलात मंडळी खूश होती. (शिट्टीवाला म्हणाला, तुमची शिलाई इतकी साफ की दिवसभर कुणाला कळलंच नाही सदरे उलटे आहेत. हे त्याने चांगलं म्हणून सांगितलं.) त्यांची आपली एक गोष्ट झाली होती, सगळ्यांनी मिळून पाहिलेली. माझी वेगळी. खोलीत आले, सदरा काढून दुसऱ्या पलंगावर पसरला आणि त्याला सांगायला लागले की त्या परक्या लोकांनी कसं डावा खांदा केलं. दोन वाक्यं सांगितली आणि थांबले. सदरा ऐकून घेतो, पण मध्ये बोलत नाही. तुझे भावोजी गेल्यावरही मी असं कधी कपड्याशी बोलले नव्हते. तू निदान मध्ये बोलतेस.

बाकी इकडे सगळं सुरळीत. दुकान चालू आहे, म्हणजे उघडं आहे. थेंब घाल.

तुझी,
थोरली

ता. क. उरलेल्या कापडातून तुझ्यासाठी सदरा बेतलाय. पांढऱ्यात धू, काही होणार नाही. टोपीही काढलीय त्याच कापडाची. ती घालायची. त्यावर चर्चा नको.

ता. क. दुसरा. ती उशी माझ्याकडेच राहिली. शिलाईच्या स्टुलावर ठेवलीय. उंची दोन बोटं वाढली, आता मशीनला बसले की हात बरोबर पडतो.

ता. क. तिसरा. तुझ्या मागच्या खोलीत खिडकीखाली भिंत आहे, तिची लांबी मोजून कळव. मशीन आणि स्टूल मावेल इतकी आहे का, एवढंच बघायचंय. येते असं मी कुठेही म्हटलेलं नाही. वीत लावून मोजू नकोस, तुझी वीत लहान आहे. पाकिटात माझा टेप घातलाय, त्याने मोज. परत पाठवू नकोस, टपालात हरवतात. तिथेच खुंटीला अडकवून ठेव, मी घेईन.