सुपाभर कोंडा

३ फेब्रुवारी १९७८

आज पुन्हा जिजाबाईशी भांडण! शहरातल्या सदर भागातल्या महिला मंडळाने वर्गणी जमवून घेतलेली लस, सावनेरहून एसटीत बर्फाचा डबा मांडीवर धरून मी आणलेली — आणि या बाईने माझ्या तोंडावर दार लावलं. नात अडीच महिन्यांची. गावात डांग्या खोकला. आणखी काय सांगायचं, कपाळ!

"आमच्या घरी सुई नोको." एवढंच. सून गोपिका मागे उभी, पोरीला पदराखाली धरून.

६ फेब्रुवारी

मंडळाच्या सुभद्राताई जीप घेऊन आल्या. बाळंतिणींना दुधाची पावडर, तान्ह्यांना स्वेटरं. मला म्हणाल्या, "जयवंता, तू नर्स आहेस, फौजदार नाहीस. जरा गोड बोल." सदरमध्ये बसून गोड बोलायला काय जातं! पण बाई मनाची चांगली. उन्हातान्हात दुकानोदुकानी फिरते म्हणून हे केंद्र चालतं, नाहीतर केव्हाच कुलूप लागलं असतं.

१० फेब्रुवारी

गोपिका विहिरीवर एकटी सापडली. आधीचे दोन्ही मुलगे गेलेत म्हणे. पहिला जन्मतःच. दुसऱ्याला सावनेरला नेऊन टोचून आणलं, संध्याकाळी ताप चढला. मग हगवण लागली, आठवड्यात गेला. ताप लसीचाच असेल, पण पोर नेलं हगवणीने. हे आता कोणाला सांगू?

"सासूबाईच घेऊन गेल्या होत्या जी त्याले. म्हनते, आता माह्या हुकमानं या लेकराचं काईच होनार नाई."

म्हणजे म्हातारीचा राग माझ्यावर नाहीच. मी उगाच तोंड सोडत होते.

१४ फेब्रुवारी

खोकला गोपिकाच्या शेजारच्या घरात आला. तिथलं पोर खोकून खोकून निळं पडतं. फार भीती वाटते.

१७ फेब्रुवारी

जिजाबाई केंद्रावर आली! आपण होऊन! आणि म्हणते काय, "पोरगी इकत घे."

इकडची रीत आहे. ज्यांची पोरं जगत नाहीत ते पुढचं मूल दुसऱ्या बाईला विकतात — सुपाभर कोंड्याला. मूल राहतं घरीच, पण आपलं म्हणायचं नाही, म्हणजे नजर लागत नाही. गावात घ्यायला कोणी तयार होईना, म्हणून माझी आठवण.

"मी असलं काही मानत नाही, जिजाबाई."

"मानू नोको वं. घे फक्त. तुले ना लेकरू ना बाळ. लेकरं नेनाऱ्या सटवाईले तुह्या घराचा रस्ताच ठाव नाई. तिथं ते हिले कशी शोधन?"

आधी राग आला, मग हसू. मग एकदम भरून आलं. उद्या सांगते म्हटलं.

१८ फेब्रुवारी

घेतली. कोंडा केंद्राशेजारच्या सखूबाईकडून मागून आणला. जिजाबाईने पोर माझ्या ओटीत घातली, सूप उचललं. सहज विचारलं, "आता तरी टोचू का हिला?"

"मले काहून इचारून राहिली? माय तं तू हाय."

टोचली. तिच्याआधी मीच रडले.