नऊ नंबरला मी हात लावला नाही

४ मार्च, बुधवार

माफी असावी. ही वही एक जानेवारीला सुरू करायची होती, आज मार्च उजाडला. आधी चष्मा सापडेना, मग सर्दी, मग पेन. असो. वाचणार कोण आहे. आजपासून रोज लिहायचं.

कारणही तसंच घडलं. विद्यापीठाचं सर्क्युलर आलं. 'संगणक व नेटवर्क साधनांचा जबाबदार वापर'. चौदा नियम. विभागप्रमुख सरांनी कागद माझ्या हातात दिला नि म्हणाले, काका, हे दारावर चिकटवा आणि जरा लक्ष असू द्या. म्हणजे जबाबदारी माझी. विभागात पीएच.डी. झालेले नऊ जण आहेत, त्यांच्यावर टाकली नाही. आठवी शिकलेल्या माणसावर टाकली. रिटायर होऊन दोन वर्षं झाली तरी लॅब अटेंडंट म्हणून मलाच ठेवून घेतात, ते उगाच नाही.

नियम चौथा: वापरात नसलेली यंत्रे बंद ठेवावीत. त्याखाली लाल रेघ मारली.

५ मार्च, सकाळी ७.५०

इन्स्पेक्शन. शिसारी आली. कीबोर्ड उलटा करून आपटला तर बिस्किटांचा चुरा, कापलेली नखं आणि एक दात कोरायची काडी. हेडफोनला कुणाच्या तरी कानातला मळ. टेबलाखाली च्युइंगगम, तेही ओलं. बोट तीनदा धुतलं. याला उच्च शिक्षण म्हणतात.

संध्याकाळी ५.५०

वीस कॉम्प्युटरपैकी सोळा चालू, समोर माणूस एकही नाही. एकेक बंद करत बसलो तर माझी बस जाईल. भिंतीवर सगळ्या लॅबचा मेन स्विच आहे, तो खाली केला. खोली एकदम गप्प झाली. फार बरं वाटलं. सकाळी आठच्या आत येऊन वर करायचा, म्हणजे मंडळी यायच्या आत मशिनं तयार. कोणाला पत्ताही लागत नाही. खरी सेवा अशीच असते, गाजावाजा न करता.

९ मार्च, सोमवार

एक नवीन बाई आली. नदीत गाळ कसा साचतो यावर पीएच.डी. करते. गाळवालीच म्हणावं. कोपऱ्यातला नऊ नंबर तिला दिला. त्यावर गणित लावून ठेवलं की मशीन एकटं अकरा दिवस अकरा रात्री आकडेमोड करत बसतं म्हणे. प्रोग्रॅम कुणा जुन्या प्राध्यापकाने लिहिलेला, मधे थांबून पुन्हा तिथूनच सुरू करायची सोय त्यात नाही. मुदतवाढ दोनदा मिळाली, आता मिळणार नाही. एकतीस मार्चला संध्याकाळी पाचपर्यंत प्रबंध दिला नाही तर सहा वर्षं पाण्यात. म्हणजे वीस तारखेपर्यंत गणित सुरू व्हायलाच हवं. हे सगळं तिने मला न विचारता सांगितलं. माणसं माझ्याशी मोकळेपणाने बोलतात.

जाताना म्हणाली, काका, माझ्या मशीनकडे लक्ष ठेवाल ना. म्हटलं, तुम्ही निर्धास्त जा.

१० मार्च

सकाळी दहाला आली नि खुर्चीत बसूनच राहिली. गणित गेलं. नऊ नंबर रात्रीत आपोआप बंद होऊन चालू झालेला. नेटवर्कवाल्याला बोलावलं. तो नेहमीप्रमाणे चहा संपवून आला. अपडेट आलं असेल म्हणाला, आणि अपडेट बंद करून गेला. तिने पुन्हा पहिल्यापासून लावलं.

वाईट वाटलं. मी स्वतः संध्याकाळी बघून गेलो होतो. नऊचा स्क्रीन काळा होता, म्हणजे मशीन शांत झोपलेलं. सगळं व्यवस्थित होतं.

११ मार्च

पुन्हा तेच. नेटवर्कवाला म्हणाला, अर्थिंग. हे लोक पगार कशाचा घेतात.

१२ मार्च

पुन्हा. आता म्हणतो प्रोग्रॅमच जुना आहे. म्हणजे हा सोडून सगळ्यांची चूक.

१३ मार्च

गाळवालीने नऊ नंबरवर कागद चिकटवला: 'काम चालू आहे. कृपया या संगणकाला हात लावू नये.' नियम अकरानुसार विद्यापीठाच्या वस्तूवर कागद चिकटवायला बंदी आहे, पण अक्षर चांगलं होतं, राहू दिला. एक कोपरा सुटला होता तो दाबून बसवला. बाकी मशीनला हात लावला नाही. पुसतानासुद्धा नऊ नंबर सोडला. मग मेन खाली केला नि निघालो.

मनात आलं होतं, मेन खाली केल्यावर तिच्या गणिताचं काय. पण कपाटाला कुलूप लावलं म्हणून आतली फाइल थोडीच मरते. कामाचा कागद आत असतो तसाच असतो. चाळीस वर्षं कपाटं सांभाळली आहेत मी.

१४ मार्च

गेलं. ती म्हणाली, काका, संध्याकाळी इथे कोण येतं हो? म्हटलं, मी असेपर्यंत कोणाची टाप नाही. हसली, पण डोळे सुजलेले होते. रागाने माझे कान तापले. कोणीतरी मुद्दाम करतंय हे. आता मी छडा लावणार.

१५ मार्च, रविवार

घरी. सूनबाई न्हाणीघरातून ओरडली, बाबा, गीझर तुम्ही बंद केलात का, माझ्या डोक्याला शांपू आहे. म्हटलं, दहा मिनिटं झाली होती. नवऱ्याला म्हणाली, यांना विद्यापीठातच ठेवून घेतील का बघा. चांगल्या सवयीची घरात किंमत नसते.

१६ मार्च

पहारा दिला. पावणेसहापर्यंत दाराशी स्टूल टाकून बसलो. कोणी फिरकलं नाही. मेन खाली, कुलूप, बस.

१७ मार्च

तरीही गणित गेलं. म्हणजे तो माझ्यानंतर येतो. माझ्या येण्याजाण्याच्या वेळा त्याला पाठ आहेत.

संशय एकावरच. सामनेवाला. एम.एस्सी.चा आहे, दुपारभर विद्यापीठाच्या नेटवर क्रिकेटचे सामने बघतो, वेफर्सची बोटं माउसला पुसतो. माउस उचलला की हाताला चिकटतो. असा माणूस काहीही करेल. सरांना अर्ज दिला, दीड पान. शेवटी लिहिलं की नऊ नंबरच्या आत बंद-चालूच्या वेळांची नोंद असते असं ऐकलं आहे, ती काढून दोषीला शासन व्हावं. हा मुद्दा नेटवर्कवाल्याच्याही डोक्यात आला नव्हता.

१८ मार्च

सामनेवाल्याला चौकशी होईपर्यंत लॅब बंद. मला जिन्यात गाठलं. म्हणाला, काका, मी पाचला निघतो हो, माझी परीक्षा आहे, प्रॅक्टिकल कुठे करू. डोळ्यात पाणी आणलं. पक्का आहे. म्हटलं, नियम सगळ्यांना सारखे.

१९ मार्च

सामनेवाला बाहेर, तरी गणित गेलं. साथीदार असणार. नोंद उद्या दुपारी सरांच्या केबिनमध्ये वाचणार आहेत. मला बोलावलं आहे. इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला.

२० मार्च, शुक्रवार

लिहायचं नव्हतं. रोज लिहायचं ठरवलं आहे म्हणून लिहितो.

सर, गाळवाली, नेटवर्कवाला आणि मी. नेटवर्कवाल्याने वाचायला सुरुवात केली. बंद, संध्याकाळी पाच पन्नास. चालू, सकाळी सात पंचावन्न. पुढचा दिवस, बंद पाच एक्कावन्न, चालू सात चोपन्न. सगळे दिवस तसेच. रविवारी काही नाही. सरांनी ड्रॉवरमधून हजेरीचं मस्टर काढलं, बघितलं, मिटलं. मग मीच म्हटलं, बघा, मी सांगत होतो ना, त्याला माझ्या वेळा पाठ आहेत.

गाळवालीने माझ्याकडे वळून हळूच विचारलं, काका, जाताना मेन तुम्ही बंद करता?

म्हटलं, रोज. न चुकता.

नेटवर्कवाला खिडकीतून बाहेर बघायला लागला. त्याचे खांदे हलत होते. ती हसली नाही, रडलीही नाही. पर्स उचलली नि लॅबकडे जवळजवळ धावत गेली. तीन वाजून वीस मिनिटांनी गणित लावलं. सरांनी माझ्याकडून किल्ली घेतली. म्हणाले, काका, एकतीसपर्यंत घरी विश्रांती घ्या, पुढचं नंतर बघू. मी नियम चौथा दाखवला. म्हणाले, वाचलाय मी, त्यात वापरात नसलेली असं लिहिलंय.

लाल रेघ मीच मारली होती. तेवढेच शब्द डोळ्याआड कसे गेले कळत नाही. सर्क्युलरची छपाई फार बारीक आहे.

२४ मार्च

घरी. सामनेवाल्याला पुन्हा लॅबमध्ये घेतलं असं ऐकलं. त्याला चार शब्द बोलायचं मनात आहे. पण त्याने वेफर्स खायला नको होते, हेही तितकंच खरं.

२७ मार्च

नेटवर्कवाल्याला फोन केला. सात दिवस झाले, चालू आहे म्हणाला. मेनवर त्याने लोखंडी डबी बसवली आहे आणि तिला कुलूप. एका म्हाताऱ्या माणसासाठी कुलूप. अपमान आहे हा. पण बसवली ते बरं केलं.

३१ मार्च, दुपारी ३.२०

आत्ता संपायला हवं.

४.१०

आकडे आले तरी ते प्रबंधात घालायचे, छापायचे, बांधायचे, ऑफिसपर्यंत धावायचं. तीन वीस ते पाच, पावणेदोन तासही नाहीत. नेटवर्कवाला फोन उचलत नाही. तिचा नंबर माझ्याकडे आहे, लॅबच्या रजिस्टरमधून उतरून घेतला होता. नियमात बसत नाही, पण घेतला. मेसेज केला: गणित झालं का.

४.४०

मेसेज वाचल्याच्या खुणा आल्या. उत्तर नाही. धावपळीत असेल.

५.१५

ऑफिस बंद झालं असेल.

मेन मी खाली करत होतो. दीड पानाच्या अर्जात हे वाक्य नव्हतं, इथे लिहून ठेवतो. पाच ते एकोणीस तारीख, रविवार सोडून रोज.

ताई, ही वही तुमच्या हातात पडणार नाही हे मला कळतं, तरी लिहितो. मला बोल लावायचा असेल तर सावकाश लावा, त्याची घाई नाही. पण पोचलात की नाही एवढं आज कळवा. नाही पोचलात तरी कळवा. एका शब्दात चालेल. मी फोन समोर ठेवून बसलो आहे.